आजीची साडेआठची प्रार्थना आणि टिळकांच्या घरातली दोन चुली

हा भाग ऐकायचा राहिला असेल किंवा बसमध्ये इअरफोन विसरला असाल, तर हा घ्या लिखित भाग. बोलताना जिथे जीभ घसरली तिथे थोडं दुरुस्त केलंय, बाकी तसंच ठेवलंय.

आपल्या छत्रपती संभाजीनगरात छावणीचं ख्राईस्ट चर्च बऱ्याच जणांना बाहेरून माहीत असतं. दगडी भिंती, रविवार, घंटा. पण मला आज चर्चबद्दल बोलायचं नाहीये. मला घराबद्दल बोलायचंय. आमच्याकडे रात्री साडेआठला टीव्ही बंद व्हायचा. आजी सतरंजी टाकायची, 'उपासना संगीत' उघडायची, आणि आम्ही नातवंडं एक डोळा मिटून, एक उघडा ठेवून बसायचो. गीत, शास्त्रवाचन, प्रभूची प्रार्थना, मग ताटं. मला तेव्हा वाटायचं की हे काय, रोजचीच सवय. मोठेपणी कळलं की त्या सतरंजीवर बसून मराठीत, अभंगाच्या चालीवर देवाला हाक मारणं हे आपोआप झालेलं नाही. त्यासाठी काही घरं आधी मोडली होती.

सुरुवात शेजारून करू. जालना. १९८१पर्यंत जालना औरंगाबाद जिल्ह्यातच होतं, त्यामुळे आपलंच म्हणा. तिथे एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी बेथेल नावाची ख्रिस्ती वस्ती उभी केली. हे ब्राह्मण घरातले. १८४३मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत, वय जेमतेम बारा, तोही मिशनकडे गेला. वडील कोर्टात गेले आणि कोर्टानं मुलगा वडिलांच्या ताब्यात दिला. मग प्रश्न आला, आता याला जातीत परत घ्यायचं की नाही? बाळशास्त्री जांभेकर, हो, 'दर्पण'वाले, त्यांनी प्रायश्चित्त देऊन परत घ्या अशी बाजू घेतली आणि त्यावर प्रचंड वाद पेटला. पाठ्यपुस्तकात हे धर्मसुधारणेच्या प्रकरणात येतं. मला मात्र त्यात एकच गोष्ट दिसते: एका घरातले दोन भाऊ, संध्याकाळी दोन वेगळ्या ठिकाणी प्रार्थना करणारे.

आपल्या शहरात त्याच शतकाच्या उत्तरार्धात चर्च मिशनरी सोसायटीतर्फे रतनजी नवरोजी काम करत होते. ते पारशी घराण्यातले. म्हणजे मराठवाड्यातल्या या सुरुवातीच्या मंडळींत गोरे साहेबच होते असं जे आपण गृहीत धरतो, ते तितकंसं खरं नाही.

पण घराची गोष्ट सगळ्यात आतून कुणी सांगितली असेल, तर लक्ष्मीबाई टिळकांनी. 'स्मृतिचित्रे' वाचलं नसेल तर हा भाग इथेच थांबवा आणि आधी ते वाचा. मी गमतीनं म्हणत नाहीये.

नारायण वामन टिळक, कवी, जन्म १८६१. १८९३मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांना एक युरोपियन गृहस्थ भेटले. गप्पा झाल्या, त्यांनी नवा करार हातात ठेवला. वाचता वाचता टिळक डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले. १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बायकोला न सांगता. लक्ष्मीबाई तेव्हा तिशीच्याही आत, पदरी लहान मुलगा, आणि सोवळं-ओवळं अगदी कडक. बातमी कळल्यावर त्यांची काय अवस्था झाली ते त्यांनीच लिहिलंय, आणि गंमत म्हणजे (गंमत हा शब्द बरोबर नाही, पण दुसरा सुचत नाही) तेही त्या वाचकाला मधेच हसवत सांगतात. त्या काही काळ पंढरपूरला नातेवाइकांकडे राहिल्या. पुढे नगरला आल्या, पण स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. नवरा येशूची प्रार्थना करतोय, बायको आपले देव सांभाळतेय.

मला हा काळ सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आपण धर्मांतर म्हटलं की एक दिवस, एक तारीख डोळ्यासमोर आणतो. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत ते जवळजवळ पाच वर्षं चाललं, आणि ते चर्चमध्ये नाही, स्वयंपाकघरात चाललं. आधी त्यांच्या मनातून गेली ती जात. माणसानं माणसाच्या हातचं खाल्लं तर काय बिघडतं, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला आणि उत्तर मिळाल्यावर सरळ खायला-प्यायला सुरुवात केली. ख्रिस्त त्यानंतर. १९००मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मनापासूनची उपासना म्हणजे काय असं मला कुणी विचारलं तर मी हा क्रम सांगतो: आधी पाण्याचा तांब्या, मग प्रार्थना.

आता गाण्यांकडे येऊ, कारण आजीची सतरंजी तिथून येते. मिशनऱ्यांनी सोबत इंग्रजी चाली आणल्या होत्या आणि त्यांची भाषांतरं मंडळी रविवारी म्हणायची. पण जात्यावर बसलेली बाई ती चाल कशी गुणगुणणार? नगरकडे कृष्णराव सांगळे यांनी आधीच ख्रिस्ती कीर्तन सुरू केलं होतं. टिळकांनी ते पुढे नेलं: ओवी, अभंग, भजन, टाळ, पेटी. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते उघड म्हणत. हे सगळ्यांना आवडत होतं असं समजू नका. ज्यांनी जुनं सगळं मोठी किंमत देऊन सोडलं होतं, त्यांना टाळाचा आवाज पुन्हा मागे ओढणारा वाटला तर त्यात नवल काय? मला त्यांचाही मुद्दा कळतो. तरी घराघरांत टिकलं ते टिळकांचंच. आजही 'उपासना संगीत'मध्ये त्यांची गीतं मोठ्या संख्येनं आहेत.

तसं पाहिलं तर हे तीनशे वर्षं आधी गोव्यात एकानं ओळखलं होतं. थॉमस स्टीफन्स, इंग्रज जेझुइट. त्यानं १६१६मध्ये ख्रिस्तपुराण छापलं, जवळपास ११ हजार ओव्या. नव्या ख्रिस्ती लोकांना पुराणं ऐकायची सवय, ती एकदम तुटली, मग त्यांनी ऐकायचं काय? म्हणून पुराणच लिहिलं. यावर एक वेगळा भाग करणार आहे, त्यामुळे इथे थांबतो.

टिळक १९१९मध्ये गेले. 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य साडेदहा अध्यायांवर अर्धवट राहिलं होतं. ते हाती घेतलं लक्ष्मीबाईंनी. लग्नानंतर नवऱ्याकडून अक्षरं शिकलेली, शाळेचं तोंड न पाहिलेली ही बाई. त्यांनी पुढे चौसष्ट अध्याय लिहिले. ज्या धर्मापायी घर फुटलं म्हणून त्या रडल्या, त्याचीच कथा, ओवीत, घरातलं सगळं आवरून.

आजी गेल्यावर तिचं पुस्तक माझ्याकडे आलं. पानांच्या कडा तेलकट झाल्यात, फोडणीच्या हातानं उलटलेल्या. एका गीताशेजारी पेन्सिलनं बारीक अक्षरात लिहिलंय, 'दळताना'. आमच्या घरी जातं मी कधी पाहिलं नाही. आईला विचारलं तर म्हणाली, पुस्तक आजीचं नाहीच, तिच्या आईचं होतं.