वजनकाट्याला न दिसणारी झीज: कर्करोग, स्थूलता आणि व्यायामाचा इतिहास

१/१२
कर्करोगाच्या रुग्णाला भेटायला येणारा जवळजवळ प्रत्येक पाहुणा एकच सल्ला देतो: आराम करा. या सल्ल्यालाही इतिहास आहे. विसाव्या शतकाचा बराच काळ तो रुग्णालयांतही प्रमाण होता. वजन जास्त असलेल्या रुग्णांच्या बाबतीत तो का मोडावा लागला आणि त्यात पुण्याचा संबंध कुठे येतो, त्याचा हा धागा.

२/१२
१८९४. अमेरिकन शल्यविशारद विल्यम हॅल्स्टेड यांनी स्तनाच्या कर्करोगावरील आपल्या शस्त्रक्रियांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतील गाठीही काढल्या जात. ही पद्धत अनेक दशके टिकली. पुढे अनेकींच्या हाताला कायमची सूज येई. म्हणून ताकीद मिळे: त्या हाताने बादली उचलू नका, मूल कडेवर घेऊ नका.

३/१२
आपल्याकडे १९३१ मध्ये लेडी मेहेरबाई टाटा यांचे रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. पुढे टाटा विश्वस्त निधीतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. काळाच्या ओघात शस्त्रक्रिया आणि किरणोपचारांना केमोथेरपीची जोड मिळाली. रुग्ण अधिक काळ जगू लागले, आणि नवा प्रश्न उभा राहिला: उपचार संपल्यावर शरीर पुन्हा उभे कसे करायचे?

४/१२
या प्रश्नाला पहिले ठोस उत्तर परिचारिकांनी दिले. १९८०च्या दशकात ओहायो स्टेट विद्यापीठात मेरिल विनिंगहॅम आणि मेरी मॅकव्हिकर यांनी केमो चालू असलेल्या स्त्रियांना स्थिर सायकल चालवायला लावली. आठवड्यातून तीन दिवस, देखरेखीखाली, नाडी मोजत. १९८९च्या त्यांच्या निबंधात व्यायाम करणाऱ्यांची चरबी घटल्याची नोंद आहे.

५/१२
केमोमुळे माणूस वाळतो, हा सर्वसाधारण समज. स्तनाच्या कर्करोगात मात्र अनेकींचे वजन वाढते. २००१ मध्ये वेंडी डेमार्क-वॉनफ्रीड आणि सहकाऱ्यांनी दाखवले की ही वाढ चरबीची असते. स्नायू वाढत नाहीत, उलट झिजू शकतात. काटा वाढ दाखवतो, तिच्याखालची झीज दाखवत नाही.

६/१२
येथे व्यायामाचे उद्दिष्टच बदलले. स्थूल रुग्णाचे केवळ खाणे तोडले, तर चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि उपचार सोसण्याची ताकद स्नायूंतच असते. प्रश्न ‘किलो किती उतरले’ हा उरला नाही. ‘खुर्चीतून हात न टेकता उठता येते का’ हा झाला.

७/१२
पण स्नायू वजन उचलून वाढतात, आणि वजन उचलण्यास तर बंदी! १९९६ मध्ये व्हँकुव्हर येथे डॉ. डॉन मॅकेन्झी यांनी स्तनाच्या कर्करोगातून उठलेल्या २४ स्त्रियांना ड्रॅगन बोट वल्हवायला बसवले. सूज वाढली नाही. २००९ मध्ये कॅथरिन श्मिट्झ यांच्या चाचणीत, आधीच सूज असलेल्या १४१ स्त्रियांमध्ये, सावकाश वाढवत नेलेल्या वजनांनी सूज बळावण्याचे प्रसंग उलट कमी झाले.

८/१२
आता पुणे. ‘वजन जास्त’ म्हणजे किती? २००४च्या ‘लॅन्सेट’मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र छापून आले. दोघांचा बीएमआय २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के.

९/१२
हे संशोधन मधुमेहाच्या संदर्भातले होते, पण धडा व्यापक आहे. बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरातही चरबी दडलेली असू शकते. २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी सीमा खाली आणल्या: २३ पासून अतिवजन, २५ पासून स्थूलता. पाश्चात्त्य मोजमापात या सीमा २५ आणि ३० अशा आहेत. परदेशी तक्त्यावर बेतलेला व्यायामक्रम येथील कित्येक रुग्णांना स्थूल मानणारच नाही.

१०/१२
२०१९च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींचा गाभा साधा आहे: आठवड्यातून तीनदा अर्धा तास दम वाढवणारा व्यायाम, दोनदा ताकदीचा. त्याआधी तपासणी हवी: रक्त कमी आहे का, आजार हाडांत पसरला आहे का, केमोने हृदयावर परिणाम झाला आहे का, तळपाय बधिर आहेत का. वजन जास्त असेल तर गुडघ्यांवरचा भार हलका ठेवायचा: सायकल, पाण्यातले चालणे, खुर्चीत बसून व्यायाम.

११/१२
तळवड्यासारख्या औद्योगिक पट्ट्यात हा क्रम पाळ्यांच्या वेळा आणि अवजड वाहनांच्या रस्त्यांशी जुळवावा लागतो. मैदान नसेल तर इमारतीचा व्हरांडा चालेल. डंबेल नसतील तर पाण्याच्या बाटल्या. दहा मिनिटांचे तीन तुकडेही अर्धा तासच होतात. केमोनंतरच्या दिवसांत क्रम हलका करणे हा नियोजनाचाच भाग असतो.

१२/१२
२०२५ मध्ये ‘चॅलेंज’ चाचणीचे निष्कर्ष आले. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे ८८९ रुग्ण. केमोनंतर तीन वर्षे मार्गदर्शनाखाली व्यायाम. आठ वर्षांनी व्यायाम गटातील ९०.३ टक्के रुग्ण हयात होते, केवळ आरोग्यपुस्तिका मिळालेल्या गटातील ८३.२ टक्के. विनिंगहॅम यांच्या सायकलीपासून येथवर यायला तीन दशकांहून अधिक काळ लागला. पाहुण्याचा सल्ला अजून तोच आहे. पुढच्या वेळी भेटीला जाल तेव्हा ‘आराम करा’ म्हणण्याऐवजी विचारा: डॉक्टरांनी चालायला परवानगी दिली आहे ना? मग चला, सोबत येतो.