स्पेक्ट्रम-वाटप (भारत)

रेडिओ लहरींच्या कोणत्या पट्ट्यात कोणी, कोठे व किती शक्तीने प्रक्षेपण करावे हे ठरवणारी सरकारी व्यवस्था. एकाच परिसरात एकाच कंप्रतेवर दोघे बोलू लागले तर कोणाचेच धड ऐकू येत नाही, म्हणून नियमन लागते. स्पेक्ट्रम वापराने झिजत नाही. न वापरलेला काळ मात्र कायमचा वाया जातो. धोरण ठरवताना नेमका याच गोष्टीचा विसर पडतो.

बिनतारी यंत्रांना परवाना सक्तीचा करणारा कायदा १९३३ चा. क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून झालेल्या खटल्यात, १९९५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने रेडिओ लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले. मुख्य निकालपत्र न्या. पी. बी. सावंत यांचे. सरकार मालक नसून विश्वस्त आहे, हा त्याचा अर्थ. जानेवारी २००८ मध्ये २००१ च्याच दराने, ‘प्रथम येणाऱ्यास प्राधान्य’ म्हणत टूजी परवाने वाटले गेले, तेव्हा विश्वस्ताचे भान सुटले होते. त्यांतले १२२ परवाने २ फेब्रुवारी २०१२ रोजी रद्द झाले. (फौजदारी खटल्यातील आरोपी २०१७ मध्ये निर्दोष सुटले, ती बाब वेगळी.) लिलाव हाच एकमेव घटनात्मक मार्ग नव्हे, असे घटनापीठाने २०१२ मध्येच स्पष्ट केले होते, पण पोळलेल्या प्रशासनाने लिलावच घट्ट धरला.

त्याची किंमत ७०० मेगाहर्ट्झ पट्ट्यात दिसते. या लहरी दूरवर जातात, भिंतीही सहज भेदतात; खेडोपाडी कमी मनोऱ्यांत सेवा देण्यास त्या सोयीच्या. २०१६ मध्ये देशभरासाठी राखीव किंमत ठेवली दर मेगाहर्ट्झ ११,४८५ कोटी रुपये. एकही बोली आली नाही. २०२१ मध्ये दर उतरवूनही तेच. २०२२ मध्ये तो ३,९२७ कोटींवर आल्यावर रिलायन्स जिओने या पट्ट्यातला स्पेक्ट्रम घेतला. मधली वर्षे तिजोरीला काही मिळाले नाही आणि ग्राहकालाही. उलट, २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी २००५ मध्ये परवानामुक्त झाला. घरोघरचे वायफाय व ब्लूटूथ त्यावर चालते.

दूरसंचार अधिनियम, २०२३ नुसार लिलाव हा नियम, तर उपग्रह-सेवांसारख्या अनुसूचीतील वापरांसाठी थेट प्रशासकीय वाटप आहे. पुरेशा कारणाविना न वापरलेला स्पेक्ट्रम परत घेण्याची तरतूदही आहे. ती वाटून दिलेल्या स्पेक्ट्रमपुरतीच. अवाजवी राखीव किमतीमुळे सरकारकडेच पडून राहिलेल्याला ती लागू नाही.