फ्लूतून आलेली गोळी

मेटफॉर्मिन आज मधुमेहावर सर्रास लिहून दिली जाते, पण माणसांवर तिचा सुरुवातीचा वापर झाला तो फ्लूसाठी. १९२२ साली डब्लिनमध्ये वर्नर आणि बेल यांनी हे रसायन तयार केलं, १९२९ मध्ये प्राण्यांची साखर त्यानं उतरते हे दिसलं, आणि इन्सुलिनच्या दबदब्यात ते मागे पडलं. १९४९-५० च्या सुमारास फिलिपीन्समध्ये युसेबिओ गार्सिया यांनी ते 'फ्लुमामाइन' नावानं फ्लूच्या रुग्णांना दिलं. काहींची साखर उतरल्याचं त्यांनी नोंदवलं होतं. पॅरिसच्या जाँ स्टर्न यांनी तोच धागा धरला आणि १९५७ मध्ये मधुमेहावरची गोळी पुढे आणली. मग तापात दिलेलं औषध आज उलट्या-जुलाबांच्या तापात थांबवायला का सांगतात?

याचं उत्तर तिच्या भावंडापाशी आहे. त्याच कुळातल्या फेनफॉर्मिननं रक्तात लॅक्टिक आम्ल साचून माणसं दगावली. १९७७ मध्ये अमेरिकी सरकारनं तातडीनं पावलं उचलली आणि पुढच्या वर्षी फेनफॉर्मिन तिथल्या बाजारातून गेली. भारतात बंदी यायला मात्र २००३ उजाडलं! भावाचं पाप बहिणीच्या माथी मारलं, असा आक्षेप घेतला जातो आणि तो बराचसा रास्त आहे: मेटफॉर्मिनमध्ये हा धोका कितीतरी कमी, तरी अमेरिकेनं तिला परवानगी दिली ती थेट डिसेंबर १९९४ मध्ये. पण खोच वेगळीकडेच आहे. मेटफॉर्मिन यकृतात मोडत नाही, जशीच्या तशी मूत्रपिंडातून बाहेर पडते. पेजही पोटात ठरत नाही, लघवी आटली आहे, अशा माणसात ती साचत जाते. एरवी अवास्तव वाटणारी भीती पाणी आटलेल्या शरीरापुरती खरी ठरते.

यावरून 'जेवण नाही तर सगळंच औषध बंद' असा सोपा नियम करावा, असं कुणी म्हणेल. लक्षात ठेवायलाही तो बरा. पण तो घातक आहे. तापात शरीर ताणाची संप्रेरकं सोडतं आणि उपाशी पोटीही यकृत साखर ओतत राहतं. टाइप-१च्या रुग्णानं अशा वेळी इन्सुलिन सोडलं, तर कीटोनचं आम्ल वाढून जीवावर बेततं. ग्लिमेपिराइड या गोळीचं उलट: न जेवता घेतली तर साखर घसरते. डापाग्लिफ्लोझिनसारख्या नव्या गोळ्यांत तर साखर फारशी चढलेली नसतानाही कीटोन वाढू शकतात. अमेरिकेच्या एफडीएनं २०१५ मध्येच तसा इशारा दिला होता. म्हणून २०२० मध्ये कोविडच्या साथीत तज्ज्ञांनी भेद केला: पाणी आटलं असेल तर मेटफॉर्मिन आणि या नव्या गोळ्या थांबवा, इन्सुलिन थांबवू नका. त्याच वर्षी जूनमध्ये ऑक्सिजनवरच्या रुग्णांसाठी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड गुणकारी ठरलं. पण स्टेरॉइडनं साखर भराभर चढते, आणि गोळ्यांवर भागत असलेल्या अनेकांना वॉर्डात इन्सुलिन नव्यानं सुरू करावं लागलं.