बीडच्या दोन सीमांवरील ख्रिस्ती धर्मप्रसार : सेवा, श्रद्धा आणि स्वावलंबन

मराठवाड्यातील ख्रिस्ती धर्मप्रसाराचा विचार करताना बीड जिल्ह्याची भौगोलिक स्थिती प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. हा प्रदेश सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात मोडत होता. पश्चिमेकडील आष्टी व पाटोदा या भागांची सीमा इंग्रजी अमलाखालील अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) जिल्ह्याशी भिडलेली होती, तर उत्तरेकडे गोदावरी ओलांडली की जालन्याचा मुलूख लागे. एकोणिसाव्या शतकात या दोन्ही बाजूंस मराठी ख्रिस्ती समाजाची दोन महत्त्वाची केंद्रे उदयास आली. पहिले परदेशी मिशनऱ्यांनी स्थापिलेले होते. दुसऱ्याची उभारणी एका मराठी ब्राह्मण धर्मांतरिताने केली. दोन्ही ठिकाणी प्रश्न मात्र एकच होता. शाळा, औषध, अन्न आणि जमीन यांच्या द्वारा पोहोचणारा धर्म लोकांच्या अंतःकरणात रुजतो काय, आणि रुजला तर तो आपल्या पायांवर उभा राहतो काय ?

अमेरिकन मराठी मिशनचे कार्य अहमदनगर येथे १८३१ च्या अखेरीस सुरू झाले. ग्रेव्हज, रीड व हर्वी हे त्याचे आरंभीचे मिशनरी होत. त्यांपैकी हर्वी पुढच्याच वर्षी मरण पावले. प्रवचन आणि पुस्तिका यांवरच हे मिशन थांबले नाही. १८४२ साली ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक नगरास निघू लागले. १८३९ पासून सिंथिया फॅरार यांनी तेथे मुलींच्या शिक्षणाचे काम चालविले व १८६२ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते सोडले नाही. या कार्याचा परिणाम चर्चच्या चार भिंतींत मावणारा नव्हता. जोतीराव फुले यांनी आपले मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्यासमवेत फॅरारबाईंच्या शाळा पाहिल्या आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. फुले ख्रिस्ती झाले नाहीत. परंतु सेवेचा धडा त्यांनी घेतला व तो आपल्या मार्गाने गिरविला. धर्मप्रसाराचे माप केवळ बाप्तिस्म्यांच्या संख्येने घेऊ पाहणाऱ्या अभ्यासकाच्या हातून असा परिणाम निसटतो.

नगरच्या मंडळीत प्रारंभी हरिपंत ख्रिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांच्यासारखे ब्राह्मण धर्मांतरित पुढे आले. १८५४ साली दोघांनाही पाळकपदाची दीक्षा मिळाली. पुढे खेड्यापाड्यांतून जे लोक या मंडळीत आले ते मुख्यतः महार व मांग समाजांतील होते. एका पंगतीस बसणे व एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेणे या गोष्टी त्या काळी धर्मतत्त्वापेक्षाही अधिक कसोटीच्या होत्या. गावात स्थिती याहून बिकट असे. बलुतेदारीत बांधलेल्या मनुष्याने देवीच्या जत्रेतील आपली नेमून दिलेली कामे नाकारली की बलुत्याचा हक्क, पाणवठा व बिऱ्हाड हे सारेच प्रश्न उभे राहत. तेव्हा अशा मनुष्यास मिशनचा आधार लागे. अशा आधारावर उभी असलेली श्रद्धा आधारावाचून टिकेल काय, ही शंका विरोधकांप्रमाणे मिशनच्या विचारी माणसांनाही छळत होती.

जालन्याचे केंद्र अनेक अर्थांनी निराळे होते. त्याचे प्रवर्तक रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी १८४३ मध्ये मुंबईत स्कॉटिश मिशनच्या संपर्कात ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याच वर्षी त्यांचा अल्पवयीन भाऊ श्रीपत याचे प्रकरण न्यायालयात गेले आणि न्यायालयाने त्यास पित्याच्या हवाली केले. श्रीपतास प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे काय, यावर मुंबईत मोठा वाद माजला. बाळशास्त्री जांभेकर यांनी शुद्धीच्या बाजूने आपले वजन खर्च केले. नारायणराव परत फिरले नाहीत. १८६० नंतरच्या दशकात त्यांनी निजामाच्या राज्यातील जालना हे कार्यक्षेत्र निवडले. तेथे हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती. पण ज्यांच्यात त्यांचे काम विशेष फोफावले ते प्रामुख्याने मांग समाजातील खेडूत होते. हैदराबादचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्यांनी जालन्याजवळ ‘बेथेल’ नावाचे गाव वसविले. मुसलमान राज्यकर्त्याच्या दिवाणाने दिलेली जमीन, ब्राह्मण पाळक आणि मांग रहिवासी असा हा योग त्या काळच्या महाराष्ट्रात विरळाच होता. १८७३ मध्ये न्यूयॉर्क येथील इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेस नारायणराव पागोटे घालून उपस्थित राहिले. १८९१ साली समुद्रप्रवासात त्यांचे निधन झाले.

बेथेलचा हेतू केवळ आश्रय देण्याचा नव्हता. जुन्या गावात जो मनुष्य गावकुसाबाहेर राही त्यास येथे स्वतःचे घर, शेत व उपासनास्थान मिळावे, ही त्यामागील कल्पना होती. तिच्यातच तिची मर्यादाही होती. वेगळ्या गावात गेल्याने ख्रिस्ती मनुष्यास मान मिळाला, पण मूळ गाव होते तसेच राहिले. परत जाऊन गाव बदलण्यासाठी लागणारे बळ वेगळी वसाहत सहसा निर्माण करू शकत नाही.

सेवेची खरी परीक्षा दुष्काळांनी घेतली. १८७६-७८ आणि १८९९-१९०० या दोन्ही दुष्काळांत दख्खनचे हे पट्टे होरपळून निघाले. नगर येथील रॉबर्ट ह्यूम यांनी दुष्काळग्रस्तांसाठी केलेल्या कामाबद्दल सरकारने त्यांस कैसर-इ-हिंद पदक दिले. केडगावी पंडिता रमाबाईंनी मुक्तिसदनात दुष्काळातील मुली व विधवा यांना आश्रय दिला. ‘पोटासाठी बाटले’ हा आक्षेप या काळात सर्वत्र ऐकू येई. आक्षेप अगदीच निराधार म्हणता येत नाही. भुकेल्या मनुष्याची निवड पूर्णपणे मुक्त नसते. तथापि तो मांडणारेही ध्यानात घेत नसत की, त्याच मनुष्यास जुन्या व्यवस्थेने निवडीची संधी कधीच दिलेली नव्हती.

या कोंडीतून वाट काढण्याचा प्रयत्न पैशाने नव्हे, तर भाषेने झाला. कृष्णराव सांगळे यांनी नगरच्या परिसरात ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा रूढ केली. टाळ, वीणा, पूर्वरंग व उत्तररंग ही सारी साधने गावकऱ्यांच्या परिचयाची होती. कथा तेवढी नवी होती. अंबेजोगाईस मुकुंदराज व दासोपंत यांची परंपरा ज्या मुलखात नांदत आली, तेथे ओवी-अभंगाखेरीज दुसऱ्या कोणत्या वाटेने नवा विचार लोकांच्या कानी जावा ? नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांनी हे सूत्र पूर्णत्वास नेले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर त्यांचे बहुतेक कार्य नगर व राहुरी येथे झाले. १९१७ मध्ये मिशनच्या वेतनाचा त्याग करून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापिला. परकीय द्रव्यावर अवलंबून राहणारी सेवा ख्रिस्ताला परकाच ठेवते, असे त्यांना वाटू लागले होते.

दरबार टिळकांच्या मागे फार काळ टिकला नाही, परंतु त्यांचा प्रश्न टिकला. १९२४ मध्ये युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया आणि १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडिया यांची स्थापना होऊन मिशनचा कारभार भारतीय मंडळ्यांच्या हाती आला. मात्र गावातील दलित ख्रिस्ती मनुष्यापुढे नवा पेच निर्माण झाला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ख्रिस्ती धर्म स्वीकारणाऱ्यास अनुसूचित जातीच्या सवलतींतून वगळले. पुढे १९५६ मध्ये शीख व १९९० मध्ये बौद्ध यांचा त्या यादीत समावेश झाला. ख्रिस्ती बाहेरच राहिले. ज्यांच्यावर अन्नासाठी धर्म बदलल्याचा आरोप झाला, त्यांच्याच वारसांना आता धर्म टिकविण्यासाठी सवलत सोडावी लागत आहे.

बीड जिल्ह्यात ख्रिस्ती लोकसंख्येचे प्रमाण एक टक्क्याहूनही पुष्कळ कमी आहे. संख्या हाच यशाचा निकष मानला तर दोन्ही सीमांवरील एवढ्या श्रमांचे फळ अल्पच म्हणावे लागेल. पण फॅरारबाईंची शाळा, बेथेलचे शेत आणि सांगळ्यांचे कीर्तन यांची तुलना केली असता एक गोष्ट स्पष्ट होते. दान घेणारा दाता झाला, श्रोता कीर्तनकार झाला आणि शिकणारी शिक्षिका झाली, तेथेच या श्रद्धेस मराठी भूमीत स्वतःचे मूळ धरता आले.