वाहिलेली वाहने
‘वाहन’ म्हणजे जे आपणांस वाहून नेते ते, अशी आमची समजूत. नेपाळच्या इतिहासाने ती उलटी केली. राणांच्या अमदानीत, म्हणजे 1951 पूर्वी, काठमांडूच्या खोऱ्यात मोटारीपुरते रस्ते होते. पण खोऱ्यात येणारा मोटाररस्ता मात्र नव्हता. गाडी यावयाची ती हिंदुस्थानातून. रक्सौल ते अमलेखगंज रेल्वे 1927 मध्ये झाली. तेथून भीमफेदीपर्यंत मोटार चाले. पुढे चिसापानीगढी आणि चंद्रागिरी यांचे चढ. रज्जुमार्गाने इतर माल वर जाई. अखंड मोटार कशी जाणार?

तेव्हा तिची चाके काढीत, लांब वाशांवर ती बांधीत आणि साठसत्तर किंवा त्याहूनही अधिक हमाल तिला खांद्यावर घेऊन थानकोटला उतरत. गाडी कोरी असो वा कोणी वापरून विकलेली, त्या वाटेवर तिच्या इंजिनाला मोल नसे, वजनाला असे.

भारताच्या साहाय्याने बांधलेला त्रिभुवन राजपथ 1956 मध्ये पुरा झाला आणि मोटार स्वतःच्या चाकांवर काठमांडूस पोचू लागली. हमालांच्या खांद्यावरचे ते ओझे उतरले. त्याबरोबर त्याची मजुरीही गेली.

आम्ही कारकून मंडळी कागदांवर जगणारी. आयात म्हटली की आम्हांस मालक, किंमत आणि जकात तेवढी दिसते. राजवाड्यांतील त्या मोटारींचे धनी इतिहासास ठाऊक आहेत. त्या वाहणाऱ्यांपैकी बहुतेकांची नावे नाहीत. त्यांच्यासाठी रकाना आमच्याही नमुन्यात नाही.