प्रयाग चिखली

प्रयाग चिखली : कोल्हापूरच्या वायव्येस, शहराला जवळजवळ लागून असलेले करवीर तालुक्यातील गाव. कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती या चार नद्यांचे पाणी येथे एकत्र येते. गुप्त सरस्वती ही पाचवी मानली जाते आणि येथून पुढे प्रवाहाला पंचगंगा म्हणतात. संगमाला प्रयागाइतकेच पुण्य आहे अशी श्रद्धा असल्याने मकरसंक्रांतीला स्नानासाठी गर्दी होते. काळी, गाळाची जमीन उसाला उत्तम. शेती आणि दुभती जनावरे हाच येथील संसाराचा आधार, दूध रोज शहराकडे जाते.

मात्र जो गाळ जमीन कसदार करतो, तो आणणारे पाणीच गावाला वेढते. पावसाळ्यात पंचगंगा पात्राबाहेर आली की चिखली व शेजारचे आंबेवाडी यांना सर्वांत आधी धोका असतो. 1989 च्या पुरानंतर उंचावरील सोनतळी येथे चिखलीकरांना पुनर्वसनाचे भूखंड देण्यात आले, तरीही अनेक कुटुंबे जुन्या गावातच राहिली. याला हटवादीपणा म्हणणे अन्यायाचे होईल : गोठा व शेत सोडून लांब राहणे दूधधंद्यावर जगणाऱ्या घराला परवडत नाही. ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांवर गेले (धोक्याची पातळी 43 फूट) आणि गावकऱ्यांना बोटींतून बाहेर काढावे लागले. जुलै 2021 मध्ये पुन्हा महापूर आला. अलीकडे पुराचा इशारा मिळताच माणसांबरोबर जनावरेही सोनतळीला हलवतात.