दुसऱ्या बाजूचे सैन्य

किल्ला बांधायला काळी माती चालत नाही, हे खानदेशातल्या पोरांना कोणी शिकवावे लागत नाही. कापसाची ही कसदार माती ओली असताना लोण्यासारखी हाताला लागते, पण वाळली की तिला भेगा पडतात. धनत्रयोदशीला उभा केलेला बुरूज पाडव्याला उकललेला असतो. म्हणून दिवाळीची सुट्टी लागली की धुळ्यातल्या आमच्या गल्लीतली पोरे घमेली घेऊन पांढरी माती आणायला निघत. दगड रचायचे, त्यावर चिखलात बुडवलेले गोणपाट टाकायचे, उतारावर मोहरी पेरायची. आमच्या घरी दिवाळी नव्हती. पण किल्ला शेजारच्या वाड्याच्या ओट्यावर होई आणि तो ओटा सगळ्या गल्लीचा होता.

मी दहा वर्षांचा असेन. किल्ला तयार झाला, वर सिंहासनावर महाराज बसले, बुरुजांवर कुंभाराकडून आणलेले मावळे उभे राहिले. त्या वाड्यातली आजी काठी टेकत बाहेर आली, बराच वेळ बघत राहिली आणि अहिराणीत म्हणाली, "आन् ह्या कोनासंगे लढी ऱ्हायनात रे?"

आम्ही गप्प झालो. तोफा रोखलेल्या होत्या, भाले परजलेले होते, पण समोर कोणीच नव्हते. पायथ्याशी एक गवळण होती, एक वाघ होता आणि आरशाच्या तुकड्याचे तळे होते. दुसऱ्या दिवशी मी उरलेल्या मातीचे सात शिपाई केले आणि पायथ्याशी मांडले. माझा जिवलग दोस्त ते बघून सहज म्हणाला, "हे तुझे." त्याच्या मनात काही नव्हते. मी म्हणालो, "माझे नाहीत. मी फक्त बनवले." त्या वयात याहून अधिक मला सांगता आले नसते. आज पन्नाशी उलटल्यावर थोडे सांगता येईल असे वाटते.

निमित्त भाच्याचे झाले. तो पुण्यात नोकरीला आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत बायकामुलांसह जळगावला आला, तेव्हा म्हणाला, "मामू, मुलांचा मोबाइल सुटावा म्हणून एक छंद लावतोय. बोटाएवढे शिपाई जमवायचे, रंगवायचे आणि टेबलावर मांडून इतिहासातली लढाई खेळायची. पण लढाई कोणती घ्यावी? तुम्ही इतिहास वाचता, तुम्ही सांगा."

हा खेळ आपल्याला नवा वाटतो, पण त्याचा आजा आपल्याच घरचा. चतुरंग म्हणजे सैन्याची चार अंगे: हत्ती, घोडा, रथ आणि पायदळ. हा खेळ भारतातून इराणात गेला, तिथून अरबांकडे गेला, शतरंज झाला आणि पुढे युरोपात पोहोचला. आपल्याकडे तो बुद्धिबळ म्हणून पटावर राहिला, पण वाटेत लागलेली धूळ झटकली गेली नाही. आपण वजीर म्हणतो, प्यादे म्हणतो, शह देतो आणि मात करतो. हे सारे शब्द अरबी-फारसीतून आलेले आहेत. किल्ला, बुरूज, फौज, शिपाई, तोफ यांचेही तेच. मराठी माणूस लढाईची गोष्ट सांगू लागला की दोन्ही बाजूंची भाषा त्याच्या तोंडात आपोआप येते.

युरोपात या पटाचे पुढे खऱ्या नकाशात रूपांतर झाले. प्रशियात राइसव्हिट्स नावाच्या बाप-लेकांनी ते काम केले. बापाने 1812 च्या सुमारास टेबलावर डोंगर-नद्या मांडल्या. मुलाने 1824 साली नियम छापले. नकाशावर लाल आणि निळ्या पट्ट्या म्हणजे दोन सैन्ये. एक डाव म्हणजे प्रत्यक्षातली दोन मिनिटे. नुकसान किती झाले ते फाशावरून ठरवायचे. या खेळात एक पंच असे. खेळाडूंनी हुकूम चिठ्ठीवर लिहून त्याच्याकडे द्यायचे. चिठ्ठी कधी पोहोचेल, किती उशिरा पोहोचेल, हे पंच ठरवी. हा पंच पुढे आपल्याला लागणार आहे, म्हणून त्याला लक्षात ठेवा.

नंतर 1913 साली इंग्रज कादंबरीकार एच. जी. वेल्स याने खेळण्यातल्या शिपायांनी घरातल्या जमिनीवर खेळायच्या लढायांचे एक छोटे पुस्तक लिहिले. स्प्रिंगच्या तोफेतून लाकडी काड्या उडवायच्या, लागेल तो शिपाई मेला. पुस्तकाच्या शेवटी त्याने बजावले की, हा खेळ दोन-चार वेळा खेळून पाहिला की खरे महायुद्ध किती अडाणी प्रकार आहे ते कळते. त्याचे कोणी ऐकले नाही. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले.

आता भाच्याचा प्रश्न. लढाई निवडताना भावना बाजूला ठेवून आधी हिशेब करावा लागतो. त्याचे पहिले मत पानिपतला होते. मी म्हणालो, टेबल केवढे आहे? सहा फूट बाय चार फूट. या खेळात साधारण एक शिपाई वीस किंवा तेहतीस माणसांच्या जागी धरतात. तेहतीसचा हिशेब धरला तरी दहा हजारांच्या फौजेला तीनशे बाहुल्या लागतात. पानिपत मांडायला निघालास तर मुलांची लग्ने होतील, तरी रंग देऊन संपणार नाही.

दुसरी निवड माझी होती, असीरगड. आज हा गड मध्य प्रदेशात, बऱ्हाणपूर जिल्ह्यात आहे. पण तेव्हा तो खानदेशाचा मुकुटमणी होता. फारुकी सुलतानांनी दोनशे वर्षांहून अधिक काळ खानदेशावर राज्य केले, आणि 1601 च्या जानेवारीत अकबराने असीरगड घेतल्यावर ते राज्य संपले. किल्ला पडला कसा, याच्या दोन हकीकती आहेत. अबुल फजल गडावरच्या रोगराईबद्दल लिहितो, तर जेझुइट पाद्री सोन्याच्या लाचेबद्दल. पण यात खेळण्यासारखे काय? महिनोन्महिने वेढा, आत आजार, बाहेर वाट पाहणे. बोलणी करायला गडाखाली आलेल्या बहादुरखान फारुकीला अकबराने परत जाऊ दिले नाही. मुले दुसऱ्या दिवशीच कंटाळली असती.

तिसरी निवड साल्हेर. बागलाणातला हा किल्ला समुद्रसपाटीपासून 1567 मीटर उंच. 2025 च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात साल्हेर आहे. 1672 साली इथे झालेली लढाई खेळासाठी उत्तम, कारण ती उघड्या मैदानावर झाली. मोगलांचा किल्ल्याला वेढा, आणि तो मोडायला एका बाजूने प्रतापराव गुजरांचे घोडदळ, दुसऱ्या बाजूने मोरोपंत पिंगळ्यांचे पायदळ. दोन्ही वेळेवर आले तर जिंकले, एक उशिरा आले तर बुडाले. मुलांना हे लगेच कळले. साल्हेर ठरले.

मग शिपाई जमवायला बसलो आणि इथे खरी गंमत झाली. नेपोलियनचे शिपाई, रोमन शिपाई सहज मिळतात. मराठे शोधावे लागतात, मोगल त्याहून अधिक. भाचा म्हणाला, मराठ्यांपासून सुरुवात करू. मी म्हणालो, या छंदातला जुना नियम असा की, पहिल्यांदा खेळणाऱ्याने दोन्ही सैन्ये स्वतःच जमवावीत. दुसरा कोणी येईल म्हणून थांबलात तर डबा कपाटातच राहतो. दिवाळीच्या किल्ल्यावर एका बाजूने भागते, या टेबलावर भागत नाही.

म्हणून मोगलांची यादी करायला घेतली. बाराएक वर्षांच्या मुलाने कागदावर शीर्षक लिहिले, 'मुसलमान'. मी काही न बोलता पुस्तक उघडून त्याला नावे सांगू लागलो. सरदार इखलासखान. लिहिले. राव अमरसिंह चंदावत, साल्हेरला पडला. त्याचा मुलगा मुहकमसिंह, मराठ्यांच्या हाती सापडला. पोराची पेन्सिल थांबली. "नाना, हे राजपूत ना? मग हे इकडे कसे?" मी म्हणालो, "इकडेच होते." त्याने शीर्षक खोडले आणि 'मोगल' लिहिले. मग मराठ्यांचा सूर्यराव काकडे लिहिला. शिवरायांचा बालपणापासूनचा हा सोबती याच लढाईत जंबुरक्याचा गोळा लागून पडला, असे सभासदाने लिहिले आहे. हाती सापडलेल्या जखमी सरदारांवर उपचार करून त्यांना नंतर सोडून देण्यात आले, हेही पोराने एका कोपऱ्यात लिहिले आणि विचारले, "याचा नियम काय करायचा?"

नियम झाला. पण पहिल्या डावाला दोन्ही मुले अडून बसली. मोगल कोणी व्हायचे? "मी नाही," "मी पण नाही." चाळीसेक वर्षांपूर्वीचा तो ओटा मला आठवला. शेवटी मुलांच्या आईने तोडगा काढला. दर डावाला बाजू बदलायची. तिसऱ्या डावात धाकटीने मोगलांकडून खेळताना घोडदळ टेकडीमागे दडवले आणि भावाला हरवले. हरवून ती रडायला लागली, आपण चुकीचे केले म्हणून. तिला जवळ घेऊन मी एवढेच म्हणालो, "बेटा, तू छान खेळलीस."

सुट्टी संपायच्या आधी मी त्यांना आमच्या धुळे जिल्ह्यातली एक छोटी लढाई खेळायला दिली. शिपाई नव्हते, म्हणून तुरीचे दाणे आणि शर्टाची बटणे घेतली. ठिकाण थाळनेर, शिरपूर तालुक्यात, तापीच्या काठावर. फारुकींच्या कबरी जिथे आहेत तेच थाळनेर. 1817 च्या डिसेंबरमध्ये महिदपूरला होळकरांचा पराभव झाला, आणि 1818 च्या जानेवारीत मंदसोरच्या तहाने खानदेशातली ठाणी इंग्रजांना द्यायचे ठरले. 27 फेब्रुवारी 1818 रोजी सर थॉमस हिस्लॉप फौजेसह थाळनेरपुढे आला. किल्लेदार तुळशीराम मामा. त्याच्या हाताखाली बहुतेक शिबंदी पगारी अरबांची, सगळे मिळून तीनशेच्या आसपास. हिस्लॉपने बजावले की, प्रतिकार केला तर बंडखोर समजू. तरीही किल्ल्यावरून गोळी सुटली. मग तोफा धडाडल्या. दुपारनंतर किल्लेदाराने बोलणे लावले आणि स्वतः बाहेर येऊन हाती लागला.

एकामागून एक दरवाजे ओलांडत इंग्रज अधिकारी शेवटच्या दरवाजापाशी पोहोचले. दिंडी उघडली. मेजर गॉर्डन आणि काही जण आत शिरले. आतले अरब काहीतरी विचारत होते, इंग्रज काहीतरी सांगत होते. एकाची भाषा दुसऱ्याला कळत नव्हती, हे नंतर इंग्रज लेखकांनीही नोंदवले. हत्यारांवरून झटापट झाली. गॉर्डन आणि कॅप्टन मॅकग्रेगर मारले गेले. त्यानंतर जवळजवळ सगळी शिबंदी कापली गेली आणि त्याच संध्याकाळी किल्लेदाराला फाशी दिले. पुढच्या वर्षी ब्रिटिश संसदेत या फौजेच्या आभाराचा ठराव आला, तेव्हा त्या फाशीबद्दल तिथेही प्रश्न उठले.

हा खेळ फासे टाकून होत नाही. इथे राइसव्हिट्सचा पंच हवा. मी पंच झालो. एक मूल किल्ल्यात, एक बाहेर, मध्ये बंद दार. दोघांनी चिठ्ठ्या लिहायच्या, आणि मी त्यांतला दर तिसरा शब्द खोडून पुढे द्यायचो. पहिल्या डावात थाळनेरला जे घडले तेच घडले. दुसऱ्या डावातही. तिसऱ्या वेळी धाकटीने चिठ्ठी लिहिली नाही. तिने दाराखालून एक बटण आत सरकवले आणि थांबली. बऱ्याच वेळाने आतून तुरीचा एक दाणा बाहेर आला. त्या डावात कोणी मेले नाही.

मी शब्दांवर जगणारा माणूस. त्या दिवशी मला जरा खजील झाल्यासारखे वाटले, आणि बरेही वाटले.

परवा कुंभारवाड्यात गेलो होतो. साचे धुऊन उन्हात ठेवले होते. म्हाताऱ्या कारागिराला विचारले, "काका, समोरच्या बाजूचे शिपाई करता का?" तो हसला. म्हणाला, "इतक्या वर्षांत कोणी मागितलेच नाहीत, भाऊ. साचा नाही. पण सांगाल तसे हाताने करून देईन." मी चाळीस सांगून आलो आहे. त्यांतले दहा राजपूत.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)